ठेवा म्हटलं म्हणून गिरणी आली

ये वो बाई, अशी जवळ सरक. तू पुण्यात अन् मी चंद्रपुरात, तरी सरक. वाचणारं माणूस बाजूलेच बसलेलं असते. आधी तुले रागावून घेते, मंग गोष्ट सांगते. तुले फोन केला की तू म्हणते, "बोल ना आजी," अन् मी तोंड उघडलं नाई की म्हणते, "बरं, ठेवते आजी, मीटिंग आहे." जेवली का विचारलं, ठेवते. खोकला गेला का विचारलं, ठेवते. माझ्या बहिणीची नात तू, तुझ्या आईले मी कडेवर घेऊन फिरली, अन् तुझ्या तोंडून मले ऐकायले मिळते काय, तर ठेवते. या एका शब्दानं आमच्या घरी केवढा गोंधळ घातला ते तुले माहीत नाई, कारण तेवढा वेळ तू फोन धरलाच नाई.

तू संगणकातलं काम करते, म्हणून यातलं अर्धं तुले माझ्याहून जास्त समजेल. मी शाळेत गेली नाई. वाचायले शिकली ते माजरीच्या कॉलनीत. आमचे हे खाणीत पाळीले गेले की किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडून वाचायची. पुडीच्या कागदावर बातमी अर्धीच असते, उरलेली मनानं जुळवायची. ती सवय अजून गेली नाई. मधेच कुठी फाटलं तर सांभाळून घे.

तर माझी सून. लग्न होऊन आली तेव्हा बोलायची नाई फार. मंग चंद्रपुरातल्या एका दुकानात लागली. छोटी यंत्रं विकतात तिथी, फवारणीचे पंप, कडबा कापायची मशीन, अन् घरच्या घरी धान भरडायची छोटी गिरणी. काउंटरवर बसायची. दोन-तीन सालानं एक दिवस मालकाले जाऊन म्हणाली, मले गडचिरोलीची लाइन द्या. लाइन म्हणजे फिरतीची गावं. आष्टीचा पूल ओलांडला की चामोर्शी, तिथून खाली आलापल्ली, अहेरी, अन् पार सिरोंचा, जिथी गोदावरी आडवी येते. आधी दोन गड्यांनी ही लाइन करून सोडली होती. म्हणत, जंगलात फोनची रेंज नाई, गावं लांब लांब, अन् लोक असे की नाई म्हणतच नाईत. पाहू म्हणतात. आता पाहू म्हटल्यावर समोरच्यानं काय समजावं?

मालक माणूस वाईट नाई. पण त्याचाही धंदा आहे. तो सुनेले म्हणाला, हा धानाचा हंगाम पाहतो. जमलं तर लाइन तुमची. नाई जमलं तर लाइन बंद करतो, अन् तुम्ही नागपूरच्या दुकानात जा, तिथी माणूस पाहिजेच आहे.

नागपूर म्हणजे काय ते घरात कोणी बोललं नाई, पण सगळ्यांले समजलं. पोरगा माझा गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात, सुट्टीलेच घरी येते. सून नागपूरले गेली की नातूही तिच्यासोबत जाणार, त्याची शाळाही मंग तिथीच होणार. मंग या घरात मी अन् टीव्ही. टीव्ही काही विचारत नाई, जेवली का म्हणून. ज्या दिवशी मालकानं हे सांगितलं त्या रात्री सुनेनं भाजीत दोनदा मीठ टाकलं अन् मी मुकाट्यानं खाल्लं. मलेही चव समजत नव्हती.

त्याच दिवसांत दुकानात नवीन सॉफ्टवेअर आलं. सून मले समजावून सांगे. कोणत्या गिऱ्हाइकाचा फोन आला, त्यानं काय विचारलं, कोणतं यंत्र पाहिलं, पुन्हा कधी बोलायचं, हे सगळं एका जागी राहते. एवढं मले समजलं. मंग ती म्हणाली, "अन् आई, उद्यापासून त्यात एजंट बसणार हाय."

एजंट म्हणजे मले विम्याचा ठाऊक. नाई तर बसस्टँडवरचा. म्हटलं, बाहेरगावचा आहे का? जेवण कुठी करते?

"तो जेवत नाई," सून म्हणाली.

"काऊन? उपास हाय का त्याले?"

तिले असं हसू आलं की हातातला गिलास ठेवावा लागला. बऱ्याच दिवसांनी हसली होती, म्हणून मी आणखी चार प्रश्न मुद्दाम बावळटासारखे विचारले. मंग तिनं फोन माझ्यासमोर धरून दाखवलं. माणूस नाईच तो. यंत्राची अक्कल. सून गावाकडं फोनवर बोलली की तो ते बोलणं ऐकते, सार काढून लिहिते, अन् सकाळी सांगते की आज कोणाकोणाले फोन करा, त्याले काय सांगा. तुमच्या कंपनीत असेच बनवतात ना? मी तर त्याले मनातल्या मनात मुनीमजी म्हणायची.

अन् खोटं काऊन बोलू, मुनीमजी कामाचा निघाला. सून घरूनच पुष्कळ फोन करायची, फोनचा आवाज मोठा करून, कारण जंगलातून आवाज तुटत तुटत येते. घर आमचं दोन खोल्यांचं. आवाज जाईल कुठी? मी भाकरी थापता थापता सगळी लाइन ऐकायची. कोणी रामराम म्हणे, कोणी जयभीम, कोणी जोहार. मले घरबसल्या दोन्ही जिल्हे फिरल्यासारखं वाटे. एकदा मुनीमजीनं सुनेले आठवण दिली, या भाऊचा बैल मागच्या वेळी आजारी होता, आधी त्याची विचारपूस करा. तिनं विचारलं. तिकडून तो माणूस म्हणाला, तुमच्या ध्यानात राह्यलं बाई? फोन झाल्यावर सून ओशाळली. म्हणाली, आई, माझ्या ध्यानात नव्हतं, यानं सांगितलं. मी म्हटलं, त्यानं आठवण दिली, पण बैल उठला का हे विचारतानी तुझा आवाज हलला, तो तर तुझाच होता ना. मलेही सण कॅलेंडर सांगते, म्हणून पुरण मी मनापासून वाटत नाई का?

पण एक गोष्ट मले खटके. रोज सकाळी तो जी नावं वर ठेवे, त्यांच्याकडं सून फोन करे, अन् ते लोक आपले पाहू, पाहू. अन् मुनीमजीच्या हिशोबानं तेच सगळ्यात उत्सुक. एकाखाली लिहिलेलं सुनेनं मले वाचून दाखवलं होतं: गिरणी ठेवण्याबाबत ग्राहकाने वारंवार आग्रह केला. आम्हा दोघींले वाटलं, असेल बाप्पा, आपण ऐकतानी सुटलं असेल.

आता एक ध्यानात घे. मालकालेही मुनीमजी आवडला होता. हंगामात घाई असते, म्हणून त्यानं असं करून ठेवलं की गिऱ्हाइकानं यंत्र ठेवायले सांगितलं असं मुनीमजीले वाटलं, तर गोदामाले परस्पर निरोप जाईल अन् माल निघेल. मधी कोणी माणूस पाहणार नाई. अन् तसंच झालं. दोन गावांत माल गेला अन् परत आला. लोक म्हणत, आम्ही मागवलाच नाई. मालक सुनेले म्हणे, तुम्ही फोनवर नीट बोलत नाई. सून म्हणे, मी नीटच बोलते. अन् तिसऱ्यांदा जी गिरणी गेली ती चामोर्शीपुढच्या एका गावात, एका धानवाल्या भाऊच्या आंगणात.

अन् गेली केव्हा, तर गावात मंडई होती त्या दिवशी.

तुले मंडई ठाऊक आहे का, का तेही पुण्यात विसरली? धान कापून झालं की आपल्याकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं, झुले, अन् रात्रीले नाटक. त्या दिवशी घरोघरी सोयरे येतात, पोरापोरींचे संबंध पाहतात, बोलणी होतात. या भाऊच्याही घरी पोरीले पाहायले पाहुणे बसले होते. अन् टेम्पोतून उतरली गिरणी. पाहुणे उठून पाहायले गेले. घरच्या बाईनं काय करावं? नवीन वस्तू दारात आली, तिनं हळदकुंकू लावलं. पाहुणे म्हणाले, भाऊनं मंडईत गिरणी घेतली. आता पाहुण्यांसमोर तो कसा म्हणेल की मी नाई घेतली? तो चूप बसला. अन् संध्याकाळी गोठ्यामागं जाऊन सुनेले फोन केला, हळू आवाजात, की बाई, हे काय पाठवलं तुम्ही?

मालकाले समजलं. तो रागावला नाई, तेच जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाला, टेम्पो देतो, तुम्हीच जाऊन गिरणी घेऊन या. मंग नागपूरचं बोलू.

मी म्हटलं, मी पण येते. सून नको म्हणत होती. पण मले ठाऊक आहे, कोणाच्या दारी चूक कबूल करायले जातानी घरची म्हातारी सोबत असली की समोरच्याचा आवाज चढत नाई. पोरगा सुट्टीले घरी होता, नातू त्याच्या हवाली केला. टेम्पोत पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मधी मी, खिडकीशी सून. आष्टीच्या पुलावरून वैनगंगेचं पाणी पाहिलं. वाळूच जास्त, पाणी एका बाजूनं. मी पोपटाच्या शेंगा, तुम्ही पुण्यात वाल म्हणता त्या, उकडून घेतल्या होत्या, त्या सोलून सोलून तिच्या हातात देत गेली अन् ती हातातच धरून बसली.

भाऊचं घर मोठं स्वच्छ. आंगणात धानाचे पुंजणे रचलेले, अन् पुंजण्याच्या बाजूले ती गिरणी, कपाळावर कुंकू लावून, नवरीसारखी उभी. त्यावर कोणी जुनं लुगडं पांघरलं होतं, दव लागू नाई म्हणून. भाऊ साठीचा असेल. रागात होता, पण आधी पाणी दिलं, मंग खाट टाकली, मंग बसा म्हणाला, अन् मंग रागावला. आपल्याकडचा राग असा रांगेतच येते.

सून म्हणाली, भाऊ, तुम्ही फोनवर ठेवा म्हणाले होते असं आमच्याकडं लिहून आलं.

तो म्हणाला, "म्हटलं ना. मी कुठी नाई म्हणतो?"

"मंग?"

"अवो बाई, ठेवा म्हटलं ते फोन ठेवा म्हटलं."

भाऊ पुढं म्हणाला, "तुम्ही ठेवतच नव्हत्या. म्हणून मी पुन्हा म्हटलं, ठेवा."

"मी कशी आधी ठेवू भाऊ? तुम्ही मोठे हाय. तुम्ही ठेवत नव्हते म्हणून मी म्हणत होती, तुम्ही ठेवा."

"अन् मी कसा ठेवू? बाईमाणसाचा फोन गडी माणूस आधी ठेवते का कधी?"

अन् मले ते सगळं एकदम ऐकायले आलं, घरच्या चुलीसमोर बसून रोज ऐकलेलं. ठेवा मंग बाई. नाई भाऊ, तुम्ही ठेवा. तुम्ही ठेवा. बरं ठेवा. ठेवतो. ठेवा, ठेवा. जेवढा माणूस भला, तेवढे त्याचे ठेवा जास्त. अन् तो बिचारा मुनीमजी, परगावचा, त्याले काय ठाऊक? तो मोजत बसला होता की हा माणूस पाचदा म्हणते ठेवा, म्हणजे याले गिरणी पाहिजेच पाहिजे.

मी हसली. थांबवूनही थांबेना. मंग घरातून भाऊची बायको हसली, तिनं पदर तोंडावर धरला होता. मंग भाऊ. सून मात्र हसली नाई. ती फोन काढून त्यावर लिहू लागली. मी म्हटलं, आता काय करून राह्यली? ती म्हणाली, आई, दोन मिनिट. तिनं मुनीमजीले मराठीत लिहिलं की आमच्याकडं बोलणं संपतानी ठेवा किंवा ठेवतो म्हणतात ते फोन खाली ठेवण्यासाठी, वस्तूसाठी नाई. या हिशोबानं माझ्या लाइनचे सगळे जुने फोन पुन्हा वाच.

त्यानं उलटून विचारलं. ते मले फार आवडलं म्हणून सांगते. त्यानं विचारलं, बोलण्याच्या मधेच कोणी म्हटलं, एक माझ्यासाठी ठेवा, तर? अन् शेवटी म्हटलं पण यंत्राचं नाव घेऊन म्हटलं तर? सून, मी, भाऊ, तिघंही विचार करू लागलो. भाऊ म्हणाला, त्याले म्हणा, समजलं नाई की तुम्हालेच विचारायचं. आम्ही नाई का तलाठ्याले विचारत? सुनेनं तसंच लिहिलं.

गिरणी परत न्यायची तर कुंकवाचं काय, असं घरची बाई म्हणाली. पुजलेली वस्तू दारातून परत पाठवायची, तिच्या जिवाले लागलं ते. मी म्हटलं, बाई, तुमच्या हातचं कुंकू लागलं, आता जिथी जाईल तिथी चांगलीच चालेल. ती खुश झाली. पोरीचं जमलं का विचारलं, तर म्हणाली, पाहुणे पाहू म्हणून गेले. मी पुढं काही विचारलं नाई. भाऊ टेम्पोपर्यंत पोचवायले आला अन् गिरणीवर हात ठेवून म्हणाला, पुढच्या सालाले पाहू. सुनेनं मान हलवली. तिलेही समजत होतं.

टेम्पो निघाला. मागं गिरणी खडखडत होती अन् पुढं आम्ही. मले वाटलं, आता हे नागपूरच जवळ येऊन राह्यलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही चालणार का नागपूरले?" मी म्हटलं, चालीन की. म्हटलं खरं, पण मले समजलं की मीही पाहू म्हटल्यासारखंच म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुनीमजीनं सगळं पुन्हा वाचून यादी नवीन केली होती. सून पाहत राह्यली. जे वर होते ते सगळे खाली गेले होते, अन् जे तळाले होते त्यातले काही वर. सगळ्यात वर एक बाई. बचत गटाची अध्यक्ष, आम्ही चाललो होतो त्याच रस्त्यानं थोडं आत तिचं गाव. सून म्हणाली, ही? ही तर फोन आपटते. नमस्कार नाई, जेवण झालं का नाई, एक प्रश्न विचारते, पाहू म्हणते अन् कट. मीच हिचं नाव सोडलं होतं.

खाली मुनीमजीनं लिहिलं होतं की या ताईंनी प्रत्येक फोनवर एकच गोष्ट विचारली आहे, गिरणी सिंगल फेजवर, म्हणजे साध्या घरगुती विजेवर, चालते का. त्यांना आजवर स्पष्ट उत्तर मिळालेले नाही. तुमच्या गाडीतली गिरणी सिंगल फेजवर चालते.

सून माझ्याकडं पाहू लागली. मी ड्रायव्हरकडं. तो म्हणाला, मले काय, डिझेल मालकाचं हाय. वळवली गाडी.

ती बाई दारातच सापडली, सूप घेऊन उभी. आम्हाले पाहून बसा म्हणाली नाई. म्हणाली, "आल्या का? मी म्हटलं, मेली का काय ही कंपनी. दरवेळी पुसते, सिंगल फेजवर चालते का, तर ही बाई मले रंग सांगते, वजन सांगते, गॅरंटी सांगते."

सून म्हणाली, चालते ताई. तेच सांगायले आली.

"सांगू नका. चालवून दाखवा."

टेम्पोतून गिरणी उतरवली. गटाच्या बाया जमल्या. एकीनं कुंकू पाहून विचारलं, आधीच पुजून आणली का? सून म्हणाली, हो. खोटं थोडीच होतं. समाजमंदिरात वायर जोडली, त्यांनी घरचं धान आणलं, अन् गिरणी सुरू झाली. सगळ्या बाया एका बाजूनं वाकून पाहत होत्या, कणी किती पडते ते. तांदूळ हातावर घ्यायचा, फुंकायचा, दातानं तोडून पाहायचा. आतापर्यंत भरडाईले दुसऱ्या गावी न्यावं लागे, अर्धा दिवस जाई, अन् कोंडा तिथीच राहून जाई, असं त्या आपसात बोलत होत्या. अध्यक्षबाईनं मूठभर तांदूळ पदरावर घेतला, दाणा दाणा पाहिला. मंग म्हणाली, "ठेवा."

सून जागीच थिजली. मी पाहिलं ना तिचं तोंड. हळूच म्हणाली, "काय ठेवू, ताई?"

"गिरणी ठेवा वो, गिरणी! काय ठेवू म्हणे!"

मी भिंतीले टेकली अन् हसत बसली. त्या बायांले वाटलं, म्हातारीले उन्ह लागलं. पाणी आणून दिलं मले. सुनेनं तिथल्या तिथी बसून सगळी गोष्ट त्यांले सांगितली, ठेवा ठेवा अन् मंडई अन् कुंकू, अन् अध्यक्षबाई एवढी हसली की तिचं सूप हातातून पडलं. मंग म्हणाली, म्हणूनच मी फोन आपटते. गोड बोललं की लोकं चुकीचं समजतात.

मालकानं ऐकून घेतलं. लगेच हो म्हणाला नाई. पण परस्पर माल निघायचं त्यानं त्याच दिवशी बंद केलं. आता मुनीमजी कागद तयार करते, सुनेपुढं ठेवते, अन् ती पाहून हो म्हणते तेव्हाच गोदामाले निरोप जाते. मालक सुनेले म्हणाला, होळीपर्यंत करा. होळीपर्यंत त्या अध्यक्षबाईनं आजूबाजूच्या गटांत एवढं सांगितलं की सुनेचा फोन थांबेना. मंग होळीनंतर नागपूरच्या दुकानात दुसरा माणूस ठेवला. मालकानं स्वतः काही सांगितलं नाई, सुनेलेच कोणा दुसऱ्याकडून समजलं. घरी येऊन तिनं पिशवी खाली टाकली अन् म्हणाली, आई, नागपूरची जागा भरली. बस, एवढंच. मी कढई ठेवली अन् लाखोळीच्या डाळीचे वडे काढले. भाजीत मीठ बरोबर होतं त्या दिवशी.

सगळंच गोड झालं असं नाई. पावसाळ्यात ती लाइन अजूनही कठीण आहे, नाले चढले की ती अडकून पडते, अन् मी दारात. मुनीमजी अजूनही चुकते. एकदा एकानं आमची म्हैस व्याली म्हटलं, तर त्यानं सुनेले अभिनंदनाचा निरोप असा लिहून दिला की जणू त्याची बायको बाळंत झाली. पाठवायच्या आधी सुनेनं पाहिला म्हणून वाचलो. पण आता तो अडला की विचारते. विचारणाऱ्याचं भलंच होते.

परवा सिरोंच्याकडच्या फोनांवरून त्यानं स्वतःच विचारलं. तिकडं तेलुगू बोलतात, सुनेले चार शब्द येतात, बाकी तो मराठीत करून देते. त्यानं लिहिलं, इथले ग्राहक बोलणे संपवताना 'उंटानु' म्हणतात, त्याचा अर्थ 'मी राहतो'. हे यंत्रासाठी नसावे, फोन संपवण्यासाठी असावे असे मला वाटते. बरोबर आहे का? सुनेनं तिथल्या एका ओळखीच्या बाईले विचारलं. बरोबर होतं. मले मात्र ते मनात बसून राह्यलं. आपण निघतानी ठेवतो म्हणतो. अन् गोदावरीच्या काठचे लोक निघतानी म्हणतात, राहतो. किती चांगलं वाटत असेल ऐकणाऱ्याले.

अन् आता शेवटचं, ज्यासाठी एवढं लिहिलं. सुनेचा फोन दुकानानं दिलेला. मी तिले त्याच नंबरवर रोज संध्याकाळी विचारते, कुठी हायस, कधी येतेस, जेवली का. तिनं मले सांगितलं नव्हतं की माझेही फोन मुनीमजी ऐकते. एक दिवस हसत हसत फोन माझ्यासमोर धरला. माझा नंबर गिऱ्हाइकांत होता, अन् खाली लिहिलं होतं की या आजी रोज फोन करतात, कोणतेही यंत्र विचारत नाहीत, फक्त केव्हा येणार हे विचारतात. फोनवर बोलून त्यांचे समाधान होईल असे दिसत नाही. प्रत्यक्ष भेट घ्यावी.

पाहा, बाई. ज्याले आई नाई, आजी नाई, जो जेवत नाई, त्याले समजलं. अन् तू तर माझ्या बहिणीची नात.

सुनेची लाइन सुरू आहे. नातू इथीच शाळेत जाते. आंगणात पोपटाचा वेल चढला आहे अन् शेंगा कोवळ्या आहेत, फार दिवस कोवळ्या राहत नाईत त्या. पुढचा फोन आला की ठेवते म्हणू नको. उंटानु म्हण, अन् ये, अन् राह चार दिवस. लवकर ये.